अकराव्यानंतर दहावं

‘ऑपरेटर फुल्ल तर्र होता. त्यानं अकरावं रीळ आधी लावलं आणि दहावं नंतर. त्यामुळे पोरगा आधी मेला आणि मग आंब्याला झोके घेऊ लागला. गंमत म्हणजे तंबूतल्या एकाही माणसाला काही कळलं नाही. उलट त्या खेडवळ पब्लिकनं टाळ्या वाजवल्या.’

तंबूतल्या टॉकीजपासून हातातल्या मोबाइलपर्यंत सिनेमा कसकसा आला, हे सांगणारी एक चित्रफीत पुण्याच्या निनाद नावाच्या तरुणानं केली आहे. तिच्यातला हा तुकडा कोणीतरी वेगळा काढून सोडून दिला आणि तो आमच्या मेहकर तालुक्यात घरोघर फिरतो आहे. मला तो माझ्या भाच्यानं पाठवला, शेजारच्या औषधांच्या दुकानदारानं पाठवला, आणि ज्याला मी वर्षभर वर्गाबाहेर उभं केलं होतं अशा एका विद्यार्थ्यानं ‘सर, हे तुमच्या गावचं ना?’ अशी पृच्छा करून पाठवला. प्रत्येक वेळी खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले पिवळे चेहरे. गोष्ट माझ्याच गावची, डोणगावची आहे. तो ऑपरेटर म्हणजे माझा मित्र शालिग्राम, जो आजही हयात आहे. आणि त्या संध्याकाळी तंबूतल्या माइकवर बोलत होतो तो मी. वरच्या निवेदनातली दुसरं आणि तिसरं ही दोन वाक्यं खरी आहेत. तीच माझी अडचण आहे. सगळंच खोटं असतं तर मी ते एका फटक्यात पाडलं असतं.

हा वाद मला नेमका याच दिवसांत छळतो. तुरी सोंगायला आल्या की शिवारात एक कोरडा, किंचित तिखट वास सुटतो. वाळल्या पानांचा, तडकलेल्या शेंगांचा, पेंढ्यांतून उठणाऱ्या धुळीचा. आता सोंगलेली तूर थेट मळणीयंत्रात जाते, बायकांच्या रांगा दिसत नाहीत. वास मात्र यंत्रालाही बदलता आलेला नाही. मेहकरच्या बसस्थानकाबाहेर तुरीच्या उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन एखादी बाई बसते, मिठाचा वाफाळ दरवळ येतो, आणि ध्यानीमनी नसताना माझ्या कानांत जनरेटर सुरू होतो. तूर आणि जनरेटर यांचा संबंध बाकीच्यांना कळायचा नाही. ज्यांना कळला असता ती माणसं एकेक करून गेली.

दिवाळी झाली, रस्ते वाळले, कापसाची पहिली वेचणी घरात आली की टॉकीजचा तंबू गावात यायचा. मिरगाच्या आत तो हलायचा, कारण पावसात कनात टिकत नसे. मध्ये एकेका गावाला मुक्काम. डोणगावचा मुक्काम तुरीच्या दिवसांत पडायचा. ट्रकमधून खांब, दोर, ठिगळांनी जड झालेलं कापड उतरायचं. जनरेटरसाठी तंबूमागे खड्डा खणत, म्हणजे त्याचा आवाज जमिनीत जिरावा. तो पुरता जिरत नसे. पडद्यावर नायिका हळू आवाजात बोलू लागली की खालून जनरेटरची घरघर तिला साथ द्यायची, आणि आम्हाला ती घरघर सिनेमातलीच वाटायची. पुढे शहरात, चांगल्या चित्रगृहात मी पहिल्यांदा सिनेमा पाहिला तेव्हा काहीतरी कमी आहे असं सारखं वाटत राहिलं. बऱ्याच वेळानं कळलं की जनरेटर नाही.

पडदा म्हणजे दोन खांबांमध्ये ताणलेलं पांढरं कापड. त्याच्या पुढे दोर बांधून पुरुषांची आणि बायकांची जागा वेगळी केलेली, आणि पडद्याच्या मागेही माणसं बसत. मागून चित्र तेच दिसे, फक्त उजव्याचं डावं होई. अक्षरं उलटी. नायक डावखुरा. आमच्या वस्तीतल्या बायका बहुधा मागेच बसायच्या. पुढे बसायला आता कोणी मनाई केली नसती. पण मागे बसायची सवय त्या रात्रीपुरती नव्हती, पिढ्यांची होती, आणि मागे एक सोय होती, की तिथे कोणाचा चेहरा कोणाला दिसत नसे. रिळांचा हा प्रकार घडला त्या वर्षी माझी आई पहिल्यांदा तंबूत आली आणि मागे बसली. त्याच पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तापानं गेला होता. घरात त्याचं नाव कोणी उच्चारत नव्हतं. त्याचा गोट्यांचा डबा आईनं कोनाड्यात जिथे होता तिथेच राहू दिला होता, आणि रोज सारवताना ती तेवढी जागा सोडून सारवायची. इतकं सांगून पुरे. तो या लेखाचा विषय नाही.

विषय शालिग्राम आहे.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलो होतो. आवाज खणखणीत होता. तंबूच्या मालकानं मला हंगामापुरतं पुकाऱ्याच्या कामाला घेतलं. दुपारी बैलगाडीवर कर्णा बांधून गावभर आणि आसपासच्या खेड्यांत फिरायचं, संध्याकाळी तंबूत माइकजवळ उभं राहायचं. माइकचं काम रिळांमधल्या वेळात असे. मोठ्या चित्रगृहात दोन मशीन असतात, एकावरचं रीळ संपतं तिथे दुसऱ्यावरचं सुरू होतं आणि पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही. आमच्याकडे मशीन एकच. प्रत्येक रीळ संपलं की तंबूतला दिवा लागायचा, शालिग्राम संपलेलं रीळ उतरवून नवं चढवायचा, आणि तेवढ्या वेळात बायका लेकरांना पाजून घ्यायच्या, पुरुष पुढे काय होणार यावर भांडायचे, मी माइकवरून बसायच्या जागेची भांडणं मिटवायचो. सिनेमा असा थांबत थांबत चालायचा. माणसं त्याच्यावर विचार करत करत तो पाहायची. हल्ली माझी नात मोबाइलवर एक चित्र पाहता पाहता बोटानं दुसरं सरकवते. विचार करायला दिवा लागतच नाही.

आता दारूचं. निनादच्या पहिल्याच वाक्याकडे येतो. त्या मशीनमध्ये आजच्यासारखा बल्ब नव्हता. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये ठिणगीचा जाळ पेटवलेला असे, आणि त्या जाळाचा उजेड फिल्मच्या पट्टीतून पडद्यावर जात असे. कांड्या जळत जळत आखूड होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं, उजेड आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग विझतो. म्हणून ऑपरेटरनं पूर्ण वेळ काळ्या काचेतून जाळाकडे पाहत एका हातानं कांड्या पुढे सरकवत राहायच्या असतात. शालिग्राम दारू घेत नसे असं मी म्हणणार नाही. तंबू हलल्यावर, मोकळ्या दिवशी, तो घ्यायचा आणि गाणीही म्हणायचा. पण त्या संध्याकाळी पडदा एकदाही पिवळा पडला नाही. ज्याचा हात थरथरतो त्याच्या हातून हे होत नाही. हे मी निनादला सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, हे खूप टेक्निकल होतंय.’

सिनेमाच्या तंत्राचा इतिहास सांगायला निघालेला माणूस हे म्हणाला.

तो माझ्याकडे दिवाळीच्या सुमारास आला होता. मुलगा वाईट नाही, हे मुद्दाम नोंदवतो. दारात बूट काढले, वाकून नमस्कार केला, चहा मागून घेतला. माझ्या बैठकीत दोन दिवे उभे केले, माझ्या सदऱ्याला मुंगळ्याएवढा माइक लावला आणि मला बोलायला सांगितलं. मी तासभर बोललो. मुद्देसूद बोललो. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला वाक्य कुठे सुरू करायचं आणि कुठे मिटवायचं हे कळतं. मध्येच माझ्या पत्नीच्या हातून बशी निसटली, चहा निनादच्या वायरीवर सांडला, तो दचकून उडाला, आणि मी मोठ्यानं हसलो. नंतर पुन्हा मुद्द्यावर आलो.

चित्रफितीत माझ्या तासाभराच्या बोलण्यातलं काय राहिलं? ‘चला हो चला’ हा माझा जुना पुकारा, आणि ते हसणं. निवेदक म्हणतो, ‘ऑपरेटर फुल्ल तर्र होता,’ आणि लगेच पडद्यावर मी, मान मागे टाकून, सगळ्या उरलेल्या दातांनिशी हसतो आहे.

ही चित्रफीत इथल्या, मेहकरच्या, वाचनालयाच्या कार्यक्रमात दाखवली गेली. शालिग्रामला शाल-श्रीफळ द्यायचं म्हणून डोणगावहून आणलं होतं. पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत. शेजारी त्याची सून सुमन. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून हात लुळा आहे आणि वाचा गेली आहे. एक शब्द तेवढा राहिला. तो शब्द ‘हाव’, म्हणजे आमच्याकडचं ‘हो’. भूक लागली तरी हाव, नको असलं तरी हाव, राग आला तरी हाव. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आत सगळं शाबूत असतं, बाहेर एकच शब्द येतो. तर सभागृहात अंधार झाला आणि पडद्यावर शालिग्राम आला, त्याच्याच घरातल्या खाटेवर. निनादचा आवाज विचारतो, ‘आजोबा, त्या दिवशी जरा जास्त झाली होती ना?’ आणि शालिग्राम कॅमेऱ्यात बघून म्हणतो, ‘हाव.’

सभागृह हसलं. प्रेमानंच हसलं, हे आणखी वाईट. मी शालिग्रामकडे पाहिलं. पडद्यावरचा उजेड त्याच्या तोंडावर हलत होता. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर पुढे, मागे, पुढे असा सरकत होता. कांड्या सरकवायचा तो हात. सवयीनं की आणखी कशानं, मी सांगू शकत नाही. सुमननं तो हात धरून मांडीवर ठेवला.

मी उठून उभा राहिलो. ‘हे चूक आहे,’ म्हणालो. अध्यक्षांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘सर, प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ.’ शेवटी पोहे आले.

पोह्यांच्या रांगेत मी निनादला गाठलं.

‘माझं हसणं कुठून उचलून कुठे नेलंत?’

‘सर, एडिटिंगमध्ये थोडं इकडचं तिकडे करावं लागतं. फ्लो राहत नाही नाहीतर.’

‘शालिग्रामनं इकडचं तिकडे केलं की दारू, आणि तुम्ही केलं की एडिटिंग.’

तो खरोखर आनंदानं म्हणाला, ‘सर, हे भारी बोललात. हे रेकॉर्ड करायला हवं होतं.’ आणि पुन्हा वाकून नमस्कार केला. नमस्कार करणाऱ्या माणसाशी भांडायची युक्ती मला या वयातही सापडलेली नाही.

पुढच्या आठवड्यात मी डोणगावला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीचे ढीग होते, मळणीयंत्राचा धुरळा उडत होता. जिथे तंबू पडायचा तिथे आता मंगल कार्यालय आहे. जनरेटर त्यालाही आहे, चांगला चकचकीत डब्यातला. शालिग्राम ओसरीवर उन्हात बसलेला होता. सुमननं मला पाट दिला, पाणी दिलं, आणि मी विचारायच्या आत म्हणाली, ‘सर, बाबा सगळ्यालेच हाव म्हनते. मी त्या पोराले पह्यलेच सांगतलं होतं.’

‘मग काय म्हणाला तो?’

‘म्हने, कॅमेऱ्यात मस्त आलं. आजोबा किती मोकळे आहेत.’ मग म्हणाली, ‘आमच्या पोराची, दिनेशची, सोयरीक चालू होती, सर. पोरीचा मामा हासत हासत म्हने, ते दारूवाले ऑपरेटर तुमचेच काय? आमी काय म्हनावं? तवापासून त्याहिचा फोन नाही.’

मी शालिग्रामकडे वळलो. ‘काऊन बे शाल्या, तू त्या दिवशी पेला होता?’

‘हाव.’

‘नव्हता पेला?’

‘हाव.’

‘तू तालुक्याचा आमदार आहेस?’

‘हाव,’ तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडेला जे उमटलं ते हसूच होतं, याची मी ग्वाही देतो. पण माझी ग्वाही काय कामाची. निनादनं माझ्या हसण्याचीही ग्वाहीच करून ठेवली आहे.

तसा या गोष्टीला आणखी एक पाठभेद आहे, तोही निकालात काढतो. जानेफळचे लोक म्हणतात की हा प्रकार जानेफळला घडला. साफ खोटं. जानेफळला तंबू पडायचा तेव्हा सिनेमाची प्रत स्वतंत्र असायची, सगळी रिळं सुरुवातीपासून हाताशी. घोटाळा होतो तो वाटून घेतलेल्या प्रतीत, आणि वाटणी होती मेहकर-डोणगावची. प्रत एक, पडदे दोन. मेहकरच्या थेटरात खेळ लवकर सुरू व्हायचा. तिथे रीळ संपलं की पत्र्याच्या डब्यात घालून मोटारसायकलवरून आमच्याकडे यायचं. डब्याच्या झाकणावर रंगानं आकडा. दोन मोटारसायकली या कामाला जुंपलेल्या. तुरीच्या शेतांमधल्या रस्त्यावरून एक दिवा हलत हलत येताना दिसला की तंबूच्या दारातला माणूस आत ओरडायचा, ‘आलं’, आणि आत माणसं सावरून बसायची. जगात बाकीच्या ठिकाणी सिनेमा प्रकाशाच्या वेगानं पडद्यावर जात असेल. आमच्याकडे तो खड्डे चुकवत यायचा.

त्या सिनेमात एका शेतकरी जोडप्याला एकुलता मुलगा असतो. दहाव्या रिळात तो आंब्याच्या फांदीला दोर बांधून झोके घेतो, आई पोळ्या लाटत त्याला हाका मारते, तो येत नाही, ती लाटणं घेऊन मागे लागते. अकराव्यात तो तापानं जातो. बाराव्यात नवरा-बायको म्हातारी झालेली असतात आणि पुढची गोष्ट वेगळीच, जमिनीची, भाऊबंदकीची.

त्या संध्याकाळी मेहकरला दहावं रीळ मशीनमध्ये तुटलं. पट्टी तुटली की दोन्ही टोकं खरवडून द्रावणानं चिकटवायची, ते वाळू द्यायचं. तिथला ऑपरेटर पुढचं रीळ चालवता चालवता हे करत बसला. एवढ्यात अकरावं संपलं आणि पहिला मोटारसायकलवाला ते घेऊन निघाला. दहावं मागाहून दुसरा आणेल असं ठरलं. आमच्याकडे नववं संपलं. दिवा लागला. दारातल्या माणसानं ‘आलं’ म्हणून आरोळी दिली, शालिग्रामनं डबा घेतला, झाकणावरचा आकडा पाहिला, आणि मला हात केला.

‘दहावं नाही आलं बे. हे अकरावं होय.’

‘थांबू मग.’

‘डिझल कमी हाय. किती थांबशीन? तू इचार त्याहिले.’

म्हणून मी विचारलं. माझ्या तोंडानं, त्या माइकवर. म्हणालो, ‘दहाव्या रिळाला उशीर आहे. अकरावं आलेलं आहे. त्याच्यात पोरगा जातो. थांबता की पाहता?’ पोरगा जातो हे मी सांगायला नको होतं असं तुम्हाला वाटेल. पण तंबूत ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावात आमचा तंबू पडायच्या आधीच मेहकरला सिनेमा पाहून आलेल्यांनी गोष्ट घरोघर पोचवलेली असायची. थंडी मी म्हणत होती. बाहेर जुंपायच्या गाड्या खोळंबल्या होत्या. पुरुषांच्या बाजूनं कोणी म्हणालं, ‘लाव ना बे, काय होते.’ बायकांच्या बाजूनं कोणी काही बोललं नाही. पडद्यामागून तर नाहीच.

अकरावं लागलं. पोरगा गेला. तंबूत जे व्हायचं ते झालं, पदर डोळ्यांना लागले. मग दिवा, मग दारातून ‘आलं’, मग दहावं. आणि तोच पोरगा, धूळभरल्या पायांचा, फांदीवरून वाकून खाली बघत, पडद्यावर आला.

टाळ्या वाजल्या नाहीत. मी तिथे उभा होतो. एकही टाळी नाही, शिट्टी नाही. जनरेटर तेवढा घरघरत होता. मग पडद्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, फार हळू, शेजारणीला सांगावं तसा, ‘आला वं माय.’ एवढंच. आई लाटणं घेऊन धावते तिथे नेहमी हशा पिकायचा. त्या दिवशी कोणी हसलं नाही. रीळ संपेपर्यंत माणसं त्या पोराकडे बघत राहिली, तो हलला तर पुन्हा जाईल अशी. मग बारावं लागलं. त्यात म्हातारा-म्हातारी, पोरगा नाही. आणि आता तो कुठे गेला, हे सिनेमा सांगत नव्हता. मुंबईला शिकायला गेला असेल. नोकरीला लागला असेल. तंबूतून बाहेर पडताना एक म्हातारा दुसऱ्याला हेच म्हणत होता, ‘शहरात असन लेक त्याचा.’

हे सगळं मी चित्रफितीच्या खाली, जिथे लोक अभिप्राय लिहितात तिथे, एकेका परिच्छेदानं लिहिलं. एकानं उत्तर दिलं, ‘काका, चिल.’ दुसऱ्यानं, ‘एवढं कोण वाचतंय.’ तिसऱ्यानं नुसता एक पिवळा चेहरा. निनादला फोन केला. तो नम्रपणे म्हणाला की फीत आता त्याच्या हातात राहिलेली नाही, ती जिथून तिथून फिरते आहे, मूळ बदललं तरी तुकडे बदलणार नाहीत. खरंच असेल. आमच्या काळी प्रत एक होती. चुकलं तर एका तंबूत चुकायचं, आणि दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही ते नीट लावू शकत होता.

पुरावा म्हणाल तर काही शिल्लक नाही. मालक गेला. मोटारसायकलवाले गेले. त्या सिनेमाची प्रत शोधायचा मी प्रयत्न केला, तेव्हा एका जाणकारानं सांगितलं की जुन्या पट्ट्यांतली चांदी काढून घेत आणि उरलेल्याच्या बांगड्या करत. तर तो आंब्यावरचा पोरगा कुठेतरी कोणाच्या मनगटावर फुटून गेला असेल. एक साक्षीदार मी, ज्याला हसताना दाखवलं आहे. दुसरा शालिग्राम, जो सगळ्याला हो म्हणतो.

माझ्याजवळ आणखी एक गोष्ट होती. ती मी निनादला सांगितली नाही, वाचनालयात सांगितली नाही, शालिग्रामच्या आणि माझ्या बोलण्यातही ती कधी आली नाही. ज्या लोकांनी त्या तंबूला हसून घेतलं त्यांच्यापुढे ती ठेवावी, असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण परवा सुमनचा फोन आला. सोयरीक मोडली. कारण कोणी सांगितलं नाही, आणि ते तेच असेल असंही मी छातीठोक म्हणणार नाही. ती म्हणाली, ‘सर, तुमी लिव्हता ना, मंग एकडाव लिहून टाका ना बाबाचं.’ मागे शालिग्रामचा आवाज ऐकू आला. काय म्हणाला असेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी दुपारी शालिग्राम तंबूत मशीन पुसत होता आणि मी पुकाऱ्याला निघण्यासाठी गाडीवर कर्णा बांधत होतो. शेतावरून परतणाऱ्या आमच्या वस्तीतल्या चार-पाच बायका तुरीच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन तंबूशी थांबल्या. पेंढ्या उतरवून त्या आत गेल्या. पुढे माझी आई होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती शालिग्रामला म्हणाली, ‘बाबू, काल लावलं तसंच आजबी लावजो. पह्यले जाते अन् मंग झोका खेलते, तसं. सीधं नको लावू.’ त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून डोणगावातून तंबू हलेपर्यंत मेहकरहून रिळं क्रमानं येत राहिली, आणि दहाव्याचा डबा शालिग्रामच्या हाताशी तयार असताना, दिवा लावून, न कुरकुरता, अख्खा तंबू रोज अकराव्याची वाट पाहत बसत असे.